सामायिक कार्यशाळेतला सीएनसी राउटर : नवख्यांचे नेहमीचे प्रश्न

फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं सगळ्यांना वापरू देणारी कार्यशाळा, असो, कॉलेजचं वर्कशॉप असो की चार जणांनी वर्गणी काढून उभी केलेली मेकरस्पेस, सीएनसी राउटरसमोर पहिल्यांदा उभा राहणारा माणूस साधारण तेच प्रश्न विचारतो. लोक ज्या क्रमाने अडतात त्याच क्रमाने ते इथे घेतले आहेत. मशीन चालवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. वेळ जातो तो मापं घेण्यात, माल पकडण्यात आणि झीरो लावण्यात. घोळही बहुतेक तिथेच होतो, म्हणून त्या उत्तरांची लांबी जास्त आहे.

हे मशीन नेमकं काय करतं?

सुताराच्या हातातलं राउटर मशीन पाहिलं असेल. मोटर, तिच्या टोकाला गरगर फिरणारं बिट आणि दोन्ही बाजूंना मुठी. इथे मुठी धरायला माणूस नाही. मोटर, म्हणजे स्पिंडल, एका गँट्रीवर, म्हणजे सरकत्या आडव्या पुलावर, बसवलेली असते आणि ती गँट्री कॉम्प्युटरच्या हुकमाने एक्स, वाय आणि झेड अशा तीन दिशांना सरकते. बिट जिथून जाईल तिथला माल जातो. थ्रीडी प्रिंटर थर चढवतो, हा माल काढतो. लेझर पातळ माल झटपट कापतो, पण कडा काळ्या करतो आणि अर्ध्या खोलीपर्यंत सपाट खोबण करणं त्याला नीट जमत नाही. राउटरला जमतं.

मोठ्या मशीनचा बेड, म्हणजे माल ठेवायचं टेबल, ४ बाय ८ फुटांचा असतो, कारण प्लायची अख्खी शीट त्याच मापाची येते. टेबलावर मावणारे छोटे राउटरही असतात. शिकायला दोन्ही सारखेच, फक्त छोट्यावर घाई चालत नाही.

मला सुतारकाम येत नाही. चालेल?

चालेल. पण एखाद्या सुताराशी मैत्री करा. लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेने जातात, कुठला तुकडा पावसाळ्यात वाकेल, कड कुठे फुटेल, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. उलट बाजूने, अनेक वर्षं पटाशी चालवलेल्या माणसाला कॉम्प्युटरचा भाग शिकायला फार दिवस लागत नाहीत. दोघांपैकी कोणाचं जास्त अडतं असं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे, कॉम्प्युटरवाल्याचं.

असं मशीन वापरायला कुठे मिळेल?

महाराष्ट्रात या गोष्टीची सुरुवात शहरात झाली नाही, गावात झाली. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, आणि २००२ मध्ये तिथे फॅब लॅब आली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. आता काही इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर कॉलेजांत असे राउटर असतात.

सामायिक जागा जवळ नसेल तर लाकूड बाजारात चक्कर मारा. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास जॉबवर्क करणारी दुकानं आहेत. दाराचं पॅनेल, जाळी, देवघराची कमान असली कामं तिथे रोज चालतात. तिथे मशीनला हात लावायला मिळणार नाही, पण ऑपरेटर माल कसा पकडतो हे अर्धा तास उभं राहून पाहिलं तरी बरंच कळतं.

पहिल्या दिवशी काय घेऊन यायचं?

पायात बंद बूट, अंगात बाह्या आखूड असलेला कपडा, डोळ्यांना गॉगल, कानात इअरप्लग, नाकावर एन-९५ मास्क. डिझाइनची फाइल पेनड्राइव्हवर. माल स्वतःचा, आणि लागतो त्यापेक्षा एक वीत जास्त. व्हर्निअर कॅलिपर असेल तर जरूर आणा. नसेल तर पुढच्या महिन्यात घ्याल.

हातमोजे घालायचे ना?

नाही. मशीन चालू असताना अजिबात नाही. फिरणाऱ्या बिटात मोज्याचा धागा अडकला की मागोमाग हात ओढला जातो. याच कारणाने ओढणी, गळ्यातली माळ, मंगळसूत्र, मनगटातला गंडा, सैल बांगड्या हे सगळं काढून ठेवायचं किंवा कपड्याच्या आत खोचायचं. लांब केस बांधायचे, मग ते कोणाचेही असोत. शीट उचलताना मोजे घाला, कुसळं लागत नाहीत. स्पिंडल फिरवण्याआधी काढा.

धुळीचं एवढं काय? सुतार तर आयुष्यभर भुशातच असतात.

म्हणूनच. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात धरते. एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू रेझिनने दाबून केलेल्या फळीची, धूळ तर पिठासारखी बारीक असते आणि त्यात चिकटवणाऱ्या रेझिनचा अंशही असतो. डस्ट कलेक्टर चालू असला तरी मास्क काढायचा नाही. रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे.

कुठलं सॉफ्टवेअर शिकू?

दोन वेगळी कामं आहेत हे आधी लक्षात घ्या. एक म्हणजे आकार काढणं, दुसरं म्हणजे त्या आकारावरून बिट कसं, किती खोल, किती वेगाने जाईल हे ठरवणं. दुसऱ्याला टूलपाथ करणं म्हणतात. आकार इंकस्केपमध्ये काढता येतो, ते फुकट आहे. टूलपाथसाठी व्हीकार्व्ह किंवा अ‍ॅस्पायर नवख्याला सोपं जातं. फ्यूजनमध्ये दोन्ही होतं, पण ते शिकायला वेळ द्यावा लागतो. आपल्याकडच्या कोरीवकामाच्या दुकानांत आर्टकॅम अजून जोरात चालतं. ऑटोडेस्कने ते २०१८ मध्ये बंद केलं आणि त्याचा पुढचा वारसा कार्व्हेको या नावाने सुरू आहे.

तुमच्या कार्यशाळेत जे वापरतात तेच शिका. अडलात की शेजारचा माणूस मदतीला येतो, आणि सामायिक जागेचा खरा फायदा तोच.

जी-कोड वाचता यायला हवा का?

जी-कोड म्हणजे मशीनला दिलेल्या हुकमांची यादी. ती लिहिता येण्याची गरज नाही, पण फाइल उघडून वरच्या दहा ओळी बघायची सवय लावा. जी २१ म्हणजे मापं मिलिमीटरमध्ये, जी २० म्हणजे इंचात. जी ० म्हणजे न कापता झटकन सरकणं, जी १ म्हणजे ठरवलेल्या वेगाने कापत जाणं. एम ३ ने स्पिंडल सुरू होतो, एम ५ ने थांबतो. एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ. इंच-मिलिमीटरचा गोंधळ झाला की जॉब २५.४ पट मोठा किंवा लहान होतो. तो स्क्रीनवर पाहून कळतो, फक्त पाहायला हवा.

कुठलं बिट लावू?

सुरुवातीला ६ मिलिमीटरचं, दोन धारांचं, सरळ एंड मिल घ्या. प्लाय आणि एमडीएफची बहुतेक कामं त्यात होतात.

मग प्रश्न येतो धारेच्या पिळाचा. अपकट बिट किस वर फेकतं, खाच मोकळी राहते, पण वरच्या सनमायक्याचे टवके उडवतं आणि पातळ माल बेडवरून उचलायला बघतं. डाउनकट बिट वरची कड सुरेख ठेवतं आणि माल खाली दाबतं, पण किस खाचेतच कोंबतं. खोल खाचेत त्याने बिट तापतं. दोन्ही बाजूंना लॅमिनेट असेल तर कॉम्प्रेशन बिट घेतात, ज्याच्या टोकाकडचा पीळ वर जाणारा आणि वरचा खाली जाणारा असतो. एक गोष्ट मात्र फारसं कोणी सांगत नाही. कॉम्प्रेशन बिटाचा पहिला पास, म्हणजे मालातून पहिली फेरी, टोकाच्या अपकट भागापेक्षा खोल हवा. नाहीतर वरची कड अपकटनेच कापली जाते आणि महागाचं बिट घेऊन उपयोग शून्य.

बिट बसवताना आधी कॉलेट, म्हणजे बिटाला आवळून धरणारी चिरा असलेली नळी, नटमध्ये टिचकन बसवायचं, मग नट स्पिंडलवर, मग बिट आत. कॉलेट सुटं स्पिंडलमध्ये टाकून वरून नट फिरवला तर बिट वाकडं बसतं. बिट तळाला टेकेपर्यंत ढकलू नका, आणि धारेचा भाग कॉलेटच्या आत जाऊ देऊ नका. ६ मिलिमीटर आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, हे दोन्ही शँक, म्हणजे बिटाचे दांडे, ट्रेमध्ये शेजारी पडलेले असतात आणि डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यांचे कॉलेट वेगळे. जोर करून बसवायचं नाही.

फीड आणि स्पीड किती ठेवायचं?

स्पीड म्हणजे स्पिंडलचे मिनिटाला फेरे, फीड म्हणजे बिट मिनिटाला किती मिलिमीटर पुढे सरकतं ते. दोन्ही जोडणारा आकडा म्हणजे एक धार एका फेऱ्यात किती जाडीचा किस काढते. हिशोब सरळ आहे. फेरे गुणिले धारा गुणिले किसाची जाडी बरोबर फीड. दोन धारांचं ६ मिलिमीटर बिट, १६,००० फेरे आणि ०.१२ मिलिमीटर किस धरला तर फीड ३,८४० मिलिमीटर येतं. भक्कम मशीनवर प्लायला हे ठीक आहे. टेबलावरचं मशीन एवढ्या वेगाला थरथरेल. तिथे एक धारेचं बिट लावून फेरे १०,००० वर आणा, फीड १,२०० होतं आणि किस तेवढाच जाड राहतो.

नवखा माणूस घाबरून फीड कमी करतो आणि स्पिंडल मात्र पूर्ण जोरात ठेवतो. यात बिट कापत नाही, घासत बसतं. घासलं की तापतं, तापलं की धार जाते, लाकूड काळं पडतं. बिटाखालून बारीक किस पडायला हवा, पीठ नको. जळका वास आला तर फीड वाढवा किंवा फेरे कमी करा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

खोलीचा ठोकताळा असा की एका पासमध्ये बिटाच्या व्यासाएवढं किंवा त्याहून कमी. शिकताना अर्धा व्यास पुरे.

माल बेडवर पकडायचा कसा?

सगळं काम या प्रश्नावर उभं आहे.

बेडवर एमडीएफचा एक बळीचा बोर्ड लावलेला असतो. बिट आरपार गेल्यावर त्यात ०.२ ते ०.३ मिलिमीटर रुतलं तरी हरकत नाही, तो त्यासाठीच आहे. माल त्याच्यावर टेकतो. टेकण्याआधी ब्रश मारा. खाली भुशाचा एक खडा राहिला तरी माल तिथे उचललेला राहतो.

मोठ्या शीटला स्क्रू हा सगळ्यात खात्रीचा उपाय. पण स्क्रू कुठे मारायचे ते टूलपाथ बघून ठरवायचं, माल टाकल्यावर अंदाजाने नाही. मी डिझाइनमध्येच स्क्रूच्या जागा वेगळ्या लेअरवर काढतो आणि मशीनकडून आधी तिथे बारीक भोकं पाडून घेतो. मग बिट आणि स्क्रू एकमेकांसमोर येण्याची भीती राहत नाही. फक्त चार कोपऱ्यांत स्क्रू मारून भागत नाही. ८ फुटी प्लाय क्वचितच सपाट येतो. मधे पोट आलेलं असतं, म्हणून मधेही दोन-तीन स्क्रू हवेत.

क्लॅम्प वापरलात तर त्याची उंची मोजा. बिट एका जागेवरून दुसरीकडे जाताना ज्या उंचीवरून जातं, ती क्लॅम्पपेक्षा जास्त हवी. छोट्या पाट्यांना मास्किंग टेपची युक्ती चांगली चालते. एक पट्टी बेडवर, एक मालाच्या पाठीला, आणि दोन्हींच्या मधे इन्स्टंट ग्लू. काम झाल्यावर टेप सोलून निघते. व्हॅक्यूम बेड असेल तर नशीब समजा, पण लहान तुकड्यांना तोही पुरेसा धरत नाही.

पकडून झालं की तळव्याने माल ढकलून बघा. जराही हलला तर सुरू करायचं नाही.

ब्रिज कशासाठी?

आकार पूर्ण कापला गेला की तो सुटा होतो, बिट त्याला ढकलतं, आणि तो एकतर वाकडा कापला जातो किंवा भिरकावला जातो. म्हणून कडेवर जागोजागी न कापलेले पूल सोडायचे. १८ मिलिमीटर प्लायला ३ मिलिमीटर जाड आणि ६ ते ८ मिलिमीटर रुंद ब्रिज पुरतात. सरळ कडेवर द्या, गोलाईवर देऊ नका, घासून सपाट करायला त्रास होतो. नंतर पटाशीने तोडा आणि पॉलिश पेपर मारा.

झीरो लावणं म्हणजे काय?

मशीनला बेड कुठे आहे हे होमिंग केल्यावर, म्हणजे ते आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन आल्यावर, कळतं, पण तुमचा माल कुठे टाकला आहे हे तुम्ही सांगावं लागतं. एक्स आणि वायचा झीरो बहुतेक वेळा मालाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर. डिझाइनमध्येही तोच कोपरा शून्य धरलेला हवा. फाइल मध्यावर आणि झीरो कोपऱ्यावर असला तर पाऊण डिझाइन हवेत कापलं जातं.

झेडचा झीरो दोन ठिकाणी लावता येतो, मालाच्या वर किंवा बेडवर. अक्षरं कोरायची असतील तर वर, कारण खोली वरच्या पृष्ठभागापासून मोजायची आहे. आरपार कापायचं असेल तर बेडवर, म्हणजे शीटची जाडी थोडी इकडेतिकडे असली तरी तळ नेमका लागतो. यातला कुठला निवडला आहे ते सॉफ्टवेअरला आणि मशीनला एकच सांगितलेलं हवं. सॉफ्टवेअरमध्ये वर आणि मशीनवर बेड झालं तर बिट मालाच्या जाडीएवढं जास्त खोल जातं. बेडच्या एमडीएफवरच्या खोल चऱ्या बहुतेक याच चुकीच्या असतात.

कागदाची पद्धत अजूनही उत्तम. स्पिंडल बंद ठेवून बिटाखाली साधा कागद सरकवत बिट दशांश दशांशाने खाली आणा. कागद अडकला की थांबा. साधा ए-फोर कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. टच प्लेट, म्हणजे बिट टेकलं की मशीनला कळवणारी धातूची चकती, असेल तर तिची जाडी कंट्रोलरमध्ये बरोबर भरली आहे का ते बघा. बिट बदललं की झेड झीरो पुन्हा. याला अपवाद नाही.

थेट सुरू करू का?

आधी हवेत. झेड झीरो २५ मिलिमीटर वर लावून पूर्ण फाइल चालवा. बिट शीटच्या बाहेर जातंय का, क्लॅम्पवरून जातंय का, सगळं दिसतं. एक हात इमर्जन्सी स्टॉपजवळ. मग झीरो परत खाली आणायला विसरू नका.

घराच्या नावाची पाटी करायची आहे. मराठी अक्षरं बिघडतात, का?

पहिल्या प्रकल्पांत हा सर्वांत लोकप्रिय, आणि इथे इंग्रजी व्हिडिओ कामाला येत नाहीत, कारण ही अडचण त्यांना येतच नाही.

टूलपाथच्या बऱ्याच सॉफ्टवेअरना देवनागरी जुळवता येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. म्हणून मजकूर तिथे टाइप करूच नका. इंकस्केपमध्ये टाइप करा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा आणि तो आकार एसव्हीजी म्हणून न्या. डीटीपीवाल्याकडून कोरल ड्रॉची फाइल आणणार असाल तर त्याला कर्व्हज करून द्यायला सांगा, म्हणजे फाँटची भानगड उरत नाही.

त्यानंतर शिरोरेषा. प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं आणि ती शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते. स्क्रीनवर सलग काळी पट्टी दिसते, पण मशीनला दोन वेगळे आकार दिसतात आणि ते शिरोरेषेच्या मधोमध आडव्यातिडव्या रेघा मारतं. सगळी अक्षरं निवडून इंकस्केपमध्ये ‘युनियन’, कोरलमध्ये ‘वेल्ड’ करा. नंतर आउटलाइन मोडमध्ये बघा. शब्दाच्या आत एकही रेघ दिसता कामा नये.

अक्षरं आरपार कापून भिंतीवर लावायची असतील तर शिरोरेषा आपल्या बाजूने आहे, अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. पण ध आणि भ यांची शिरोरेषा बहुतेक फाँटमध्ये डावीकडे तुटलेली असते. ‘माधव’ कापलं तर ‘मा’ आणि ‘धव’ असे दोन तुकडे हातात येतात. अनुस्वार तर सुटाच पडतो. ‘आनंद’वरचा ठिपका डस्ट कलेक्टरच्या पिशवीत शोधावा लागू नये म्हणून त्याला एक ब्रिज द्या. पट्टीतून अक्षरांची जाळी कापायची असेल तर उलटं होतं, व, ब आणि क यांच्या पोटातली बेटं गळून पडतात.

कोरायची पाटी असेल तर बिटाचा व्यास अक्षराच्या रेघेपेक्षा लहान हवा, आणि क्ष, ज्ञ, श्र यांच्या आतल्या कोनांत तर आणखी लहान. इथे व्ही बिट उपयोगी पडतं. ते अरुंद जागी वर येतं, रुंद जागी खाली जातं. ९० अंशाच्या व्ही बिटाने ६ मिलिमीटर रुंद रेघ कोरली तर खोली ३ मिलिमीटर होते. ६० अंशाचं असेल तर तीच रेघ सुमारे ५.२ मिलिमीटर खोल जाते, म्हणून पातळ फळीला ९० अंशाचं घ्या. फाँट थोडा जाडसर निवडा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे मोफत फाँट पाटीला छान दिसतात.

खाचा एकमेकांत बसत नाहीत. डिझाइन तर बरोबर आहे.

प्लायची जाडी कोणी मोजली? बाजारात सुतार सहा सूत म्हणतो, म्हणजे पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. दुकानदार त्याच प्लायला १८ किंवा १९ म्हणतो. व्हर्निअर लावलं तर १७.४ भरतो. एकाच शीटच्या दोन टोकांत फरक सापडतो. त्यामुळे १८ ची खाच ढिली होते किंवा बसतच नाही. पाच-सहा ठिकाणी मोजा आणि सर्वांत जाड आकडा धरा.

बिटही मोजा. धार लावून आलेलं ६ मिलिमीटर बिट ५.९ असू शकतं, मग प्रत्येक खाच थोडी अरुंद होते. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे त्याच शीटच्या टाकाऊ तुकड्यावर १७.२, १७.४, १७.६, १७.८ अशा खाचांची एक पट्टी कापून घेणं. ज्या खाचेत तळव्याच्या दाबाने तुकडा बसतो, हातोडी लागत नाही, ते माप खरं.

उरला कोपरा. गोल बिट चौकोनी कोपरा कापू शकत नाही. ६ मिलिमीटर बिट आतल्या कोपऱ्यात ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडतं आणि समोरचा चौकोनी खुंट तिथे अडतो. उपाय म्हणजे कोपऱ्यात बिट थोडं आत घालून वर्तुळासारखी फट करणं. याला डॉगबोन म्हणतात, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एका बटणाने होतं. ज्यांना ती फट डोळ्यात खुपते ते पटाशीने कोपरा काटकोनात करतात. चार खाचा असतील तर पटाशी, चाळीस असतील तर डॉगबोन.

कुठलं लाकूड आणू?

शिकायला एमडीएफ आणि कमर्शियल प्लाय. ओलसर जागेत राहणारी वस्तू असेल तर आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय. ब्लॉकबोर्ड टाळा, त्याच्या आतल्या पट्ट्यांमध्ये पोकळ्या असतात आणि बारीक आकार कापताना तुकडे उडतात. स्वस्त प्लायमध्येही आत भेगा निघतात, कापल्यावरच कळतात.

साग सुंदर कोरला जातो, पण त्यात नैसर्गिक सिलिका असते, बिटाची धार लवकर जाते. शिसव आणि बाभूळ कठीण, पास उथळ ठेवा. आंब्याचं लाकूड स्वस्त पण तंतू उभे राहतात. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन फुकट मिळतं, फक्त त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत राहिलेला एक खिळा बिटाचा घात करतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, माल आणला की एक-दोन दिवस कार्यशाळेतच आडवा ठेवा. बेडचा एमडीएफही या दिवसांत फुगतो, त्याला एकदा सपाट करून घ्यावं लागतं. रेल्सवर तेलाचं फडकं फिरवत राहा, नाहीतर गणपतीपर्यंत गंज.

अ‍ॅक्रिलिक चालतं?

चालतं. कास्ट अ‍ॅक्रिलिक घ्या, एक्सट्रुडेड वितळून बिटाला चिकटतं. एक धारेचं प्लास्टिकचं बिट, फेरे कमी, फीड न घाबरता. अ‍ॅल्युमिनियमला आधी कार्यशाळेची परवानगी विचारा.

मधेच लाइट गेली तर?

पुण्यात आणि आसपास देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवायची जुनी रीत आहे, म्हणून मोठा जॉब त्या दिवशी लावू नये. तरीही गेलीच, तर मुख्य स्विच बंद करा. लाइट परत येताच बिट लाकडात असताना स्पिंडल अचानक सुरू होणं हा मोठा धोका. स्टेपर मोटर असलेलं मशीन वीज गेली की आपली जागा विसरतं. लाइट आल्यावर सगळ्यात आधी झेड हळूच वर घ्या, मग होमिंग करा. कंट्रोलरने तुमचा झीरो जपून ठेवला असेल तर थोडी मागची ओळ पकडून पुन्हा सुरू करता येतं. माल मात्र अजिबात हलवायचा नाही, म्हणूनच स्क्रूने पकडलेला जॉब अशा वेळी वाचतो.

फाइल चालू करून चहा पिऊन येऊ का?

नको. बोथट बिट एका जागी घासत राहिलं तर ठिणगी तयार होते, आणि डस्ट कलेक्टर ती ठिणगी सुक्या भुशाने भरलेल्या पिशवीत ओढून नेतो. जॉब संपल्यावरही थोडा वेळ थांबा, पिशवीला हात लावून बघा. गरम वाटली तर बाहेर काढा.

थांबण्याचं आणखी एक कारण म्हणजे आवाज. नीट कापणाऱ्या मशीनचा सूर एकसारखा असतो. तो चिरका झाला तर फीड किंवा धार बघा, ठोके पडायला लागले तर माल सुटलाय. थांबवा आणि मग विचार करा.

बिट तुटलं. आता?

सांगा. लपवून ट्रेमध्ये परत ठेवू नका, पुढचा माणूस तेच लावतो. बिटाची किंमत ज्याच्या हातून तुटलं त्याने द्यायची की कार्यशाळेने, हे बऱ्याच ठिकाणी पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, नसेल तर विचारून घ्या. बोथट झालेलंही वेगळ्या डब्यात टाका.

भुसा कोण काढणार?

ज्याने केला तो. बेड, रेल्स, खालची फरशी, सगळं. कॉलेट आणि नट ब्रशने साफ करून ठेवायचं. स्क्रू सगळे काढले का ते बेडवर हात फिरवून बघायचं. बेडमध्ये राहिलेला एक स्क्रू दुसऱ्याच्या बिटाला भेटतो आणि तो दुसरा तुमचं नाव विसरत नाही.

एका जॉबला किती वेळ धरायचा?

समजा एका स्टुलाच्या तुकड्यांच्या कडांची लांबी १२ मीटर आहे आणि तीन पास आहेत, म्हणजे ३६ मीटर कापायचं. फीड मिनिटाला ३.६ मीटर असेल तर हिशोबाने १० मिनिटं. प्रत्यक्षात वळणं, खाली उतरणं, वर येणं धरून पंधरा-वीस. माल पकडणं, झीरो, सफाई यांना तास. म्हणून मशीन निदान दोन तासांसाठी बुक करा.

देवघरासाठी गणपती कोरायचा आहे. जमेल?

जमेल, पण साध्या कापकामाला हात सरावल्यावर. थ्रीडी कोरीवकामात आधी जाड बिटाने ढोबळ माल काढतात, मग गोल टोकाच्या बारीक बॉलनोज बिटाने ओळीशेजारी ओळ मारत आकार उतरवतात. ३०० बाय ३०० मिलिमीटरची मूर्ती आणि दोन ओळींत ०.३ मिलिमीटर अंतर धरलं तर १,००० ओळी होतात, म्हणजे बिट ३०० मीटर चालतं. मिनिटाला २.५ मीटर फीडने नुसत्या फिनिशिंगला दोन तास. अंतर ०.६ केलं तर एक तास, पण मग पॉलिश पेपरचा तास वाढतो, आणि सोंडेच्या वळणात कागद नीट पोचत नाही. पहिली मूर्ती एमडीएफवर अर्ध्या मापात काढून पाहा. लांबीरुंदी दोन्ही अर्धी झाल्याने तेवढ्याच अंतराच्या ओळींना पाव वेळ लागतो, आणि सागाची फळी विकत घ्यायच्या आधी फाइलमधले दोष दिसतात.